स्थलांतर, लोकनृत्य आणि भाषा : मॉरिशसमधील मराठी समाजाची ‘झाकरी’

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला पुढील गोष्टी करता येतील :

• कोकणातील जाखडी नृत्याचे स्वरूप सांगता येईल.
• मॉरिशसमधील मराठी समाजाच्या स्थलांतराची पार्श्वभूमी स्पष्ट करता येईल.
• बोलभाषा मागे पडली तरी गीत आणि नृत्य का टिकते, याची कारणमीमांसा करता येईल.
• लोकनृत्य विधीतून वारशाकडे जाते तेव्हा त्यात कोणते बदल होतात, हे ओळखता येईल.
• आपल्या गावातील लोकपरंपरेकडे याच दृष्टीने पाहता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, लोककलेचा अभ्यास करताना आपण ती कला ज्या मातीत रुजली त्या मातीचा विचार प्रथम करतो. दशावतार म्हटले की सिंधुदुर्गातील जत्रा डोळ्यांसमोर येतात. फुगडी म्हटली की चतुर्थीच्या दिवसांतील घराचे अंगण आठवते. कला आणि स्थळ यांचे हे नाते इतके घट्ट वाटते की, स्थळ बदलले तर कला टिकणार नाही असे आपण गृहीत धरतो.

हे गृहीतक तपासून पाहण्याची संधी कोकणाच्या इतिहासानेच आपल्याला दिली आहे. कोकणी माणूस पोटासाठी नेहमीच घराबाहेर पडला. त्याचे सर्वांत परिचित स्थलांतर मुंबईचे. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी आपली भजने, आपला दशावतार आणि आपला नाच मुंबईत नेला. परळच्या दामोदर नाट्यगृहाने अनेक दशके कोकणातील लोककलांना मंच दिला. मात्र मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी परत येत होता. त्याची कला दरवर्षी मुळाशी जाऊन ताजी होत होती.

ज्यांना परत येताच आले नाही, त्यांच्या कलेचे काय झाले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला अरबी समुद्राच्याही पलीकडे, हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर जावे लागते. तेथील मराठी समाज आजही गणेशोत्सवात ‘झाकरी’ नाचतो. ही झाकरी म्हणजे आपल्या कोकणातील जाखडी. तिच्या प्रवासाचा अभ्यास हा या घटकाचा विषय आहे.

४.२ जाखडी : स्वरूप आणि रचना

जाखडी हे कोकणातील समूहनृत्य होय. रत्नागिरी जिल्ह्यात ते विशेष जोमाने दिसते; सिंधुदुर्गात फुगडी, डबलबारी भजन आणि दशावतार यांचे प्राबल्य अधिक आहे. जाखडीचा हंगाम गणेशोत्सवाचा. भातलावणी उरकलेली असते, पीक कापणीला अद्याप अवकाश असतो आणि शेतकऱ्याच्या हाताला थोडी उसंत मिळालेली असते. याच दिवसांत घरोघरच्या गणपतीसमोर नाचाचे फेरे रंगतात.

या नृत्याची मांडणी लक्षात घेण्यासारखी आहे. गाणारा शाहीर, त्याचे झीलकरी आणि ढोलकी किंवा मृदंग वाजवणारा हे मध्यभागी बसतात. नाचणारे त्यांच्याभोवती रिंगण धरतात. पायांत चाळ बांधलेले असतात आणि फेऱ्याचा ठेका त्या चाळांच्या आवाजावर तोललेला असतो. मुंबईत हे नृत्य ‘बाल्या नाच’ म्हणूनही ओळखले जाते. कोकणातून मुंबईत कामाला आलेल्या, कानांत बाळी घालणाऱ्या गड्याला तेथे ‘बाल्या’ म्हणत. त्यावरून हे नाव पडले.

जाखडीच्या गायनाचा आरंभ गणाने, म्हणजे गणपतीच्या स्तवनाने होतो. त्यानंतर गौळण येते. परंतु जाणकार श्रोता ज्याची वाट पाहत असतो तो भाग पुढचा, म्हणजे सवाल-जवाब. येथे ‘शक्ती’ आणि ‘तुरा’ असे दोन पक्ष समोरासमोर येतात. शक्तीवाले प्रकृतीचे, आदिमायेचे श्रेष्ठत्व मांडतात. तुरेवाले पुरुषाचे, शिवाचे. मराठी शाहिरीतील कलगी-तुऱ्याची परंपरा येथे नाचाशी जोडली गेलेली दिसते. एका पक्षाने पुराणातील कोडे घालावे आणि दुसऱ्याने त्याची उकल करून प्रतिकोडे टाकावे, असा हा सामना रात्रभर चालतो.

तेव्हा जाखडीत दोन घटक एकत्र नांदतात. पहिला घटक शरीराचा : रिंगण, ठेका, चाळ, पदन्यास. दुसरा घटक भाषेचा : स्तवन, कथा, कोडे, प्रत्युत्तर. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

४.३ मॉरिशसमधील मराठी समाज : पार्श्वभूमी

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ही गरज भागवण्यासाठी भारतातून करारबद्ध मजूर नेण्यास प्रारंभ झाला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ या जहाजाने आलेले मजूर मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. हा दिवस त्या देशात आजही राष्ट्रीय सुटी म्हणून पाळला जातो. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय मजूर या बेटावर आले. ते ज्या धक्क्यावर उतरत तो ‘आप्रवासी घाट’ २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत समाविष्ट झाला.

यांतील बहुसंख्य मजूर कलकत्ता आणि मद्रास या बंदरांतून गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या तुलनेने लहान होती. मराठी भाषक प्रामुख्याने या तिसऱ्या वाटेने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॉरिशसला पोहोचले. त्यांत कोकणातील लोकांचा भरणा मोठा होता. जुन्या कागदपत्रांत आढळणारा ‘रत्नागिरी’ हा उल्लेख वाचताना एक गोष्ट विसरू नये. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले हा प्रदेशही येत असे. सावंतवाडी हे वेगळे संस्थान होते. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. म्हणून मॉरिशसच्या नोंदींतील ‘रत्नागिरीकर’ कदाचित आपल्याच तालुक्यातील असेल.

मळ्यावरील जीवन कठोर होते. करार वर्षांचा, काम उन्हातान्हाचे आणि परतीचा मार्ग दूरचा. मजुराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि गाव दप्तरात रोमन लिपीत, लेखनिकाला जसे ऐकू आले तसे लिहिले जाई. पुढे पूर्वजाचे व्यक्तिनामच अनेक घराण्यांचे आडनाव होऊन बसले. मॉरिशसमधील पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये ज्या कुटुंबाने केल्याचे सांगितले जाते, त्याचे आडनाव ‘भिवाजी’ आहे. हे आडनाव ऐकताच कोकणातील वाचकाला ते एखाद्या पणजोबांचे नाव असल्याचे जाणवेल.

१८९६ हे वर्ष वाचून आपल्याला १८९३ आठवणे स्वाभाविक आहे. लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले ते याच सुमारास. परंतु मॉरिशसचा उत्सव हा त्या चळवळीचा विस्तार मानण्याची घाई करू नये. कोकणात घरोघरी गणपती बसवण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि मॉरिशसच्या मराठी मजुरांपैकी अनेक कुटुंबे कित्येक दशके आधीच देश सोडून गेलेली होती. त्यांनी सोबत नेला तो घरचा गणपती. आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटी आहे आणि गणपती व झाकरी ही तेथील मराठी समाजाची ओळख बनली आहे.

४.४ भाषा मागे पडते, नाच टिकतो

मळ्यांवर भारतीयांची परस्परव्यवहाराची भाषा प्रामुख्याने भोजपुरी झाली. कारण बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले मजूर संख्येने सर्वाधिक होते. बेटावरील सर्वसामान्य बोलभाषा क्रिओल, प्रतिष्ठेची भाषा फ्रेंच आणि कारभाराची इंग्रजी. या चार भाषांच्या गराड्यात मराठीचे व्यवहारक्षेत्र आक्रसत गेले. आज तेथील मराठी वंशाच्या बहुतेक घरांत दैनंदिन बोलणे क्रिओलमध्ये चालते. तरीही झाकरीची गीते मराठीत गायिली जातात. असे का घडले असावे? त्याची चार कारणे सांगता येतील.

पहिले कारण स्थिर पाठाचे. बोलताना आपल्याला प्रत्येक वाक्य नव्याने घडवावे लागते. त्यासाठी व्याकरण आणि शब्दसंग्रह हाताशी असावा लागतो. गीताचे तसे नाही. ते ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या चालीत पाठ असते. भाषा बोलता न येणारा मनुष्यही ते अचूक म्हणू शकतो. आपण संस्कृत स्तोत्रे म्हणतो, ती याच बळावर.

दुसरे कारण दिनदर्शिकेचे. दररोजच्या बोलण्यात मराठी न वापरल्याने कोणाचे अडत नव्हते. परंतु भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणपती बसला की गण म्हणावाच लागतो. ठरलेला प्रसंग ठरलेल्या भाषेची मागणी करतो. अशा प्रसंगबद्ध वापरामुळे भाषा वर्षातून काही दिवस तरी जिवंत राहते. मॉरिशसमधील मराठी घरांत मंगलकार्याशी जोडलेल्या गोंधळाच्या विधीलाही हेच तत्त्व लागू पडते.

तिसरे कारण शरीराचे आणि समूहाचे. रिंगणात शिरलेल्या मुलाला कोणी नियम समजावून सांगत नाही. पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकत तो ठेका आत्मसात करतो. एकट्याची स्मृती क्षीण झाली तरी समूहाची स्मृती त्याला सांभाळून घेते.

चौथे कारण ओळखीचे. मॉरिशसमध्ये भोजपुरी, तमिळ, तेलुगू, गुजराती, चिनी आणि आफ्रिकी वंशाचे समाज शेजारी-शेजारी राहतात. अशा देशात ‘आम्ही कोण’ हे दाखवण्यासाठी प्रत्येक समाजाला दिसणारी व ऐकू येणारी खूण लागते. भोजपुरी समाजाची ‘गीत-गवई’ २०१६ मध्ये आणि आफ्रिकी वंशाच्या समाजातून आलेला ‘सेगा’ २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेला. मराठी समाजाने आपली खूण म्हणून झाकरी पुढे केली.

आपली प्रगती तपासा – १

१. जाखडीतील शरीराचा घटक आणि भाषेचा घटक यांत कोणकोणत्या बाबी येतात?
२. ‘ठरलेला प्रसंग ठरलेल्या भाषेची मागणी करतो’ या विधानासाठी आपल्या घरातील एक उदाहरण द्या.

४.५ ‘जाखडी’ ते ‘झाकरी’ : एका शब्दाचा प्रवास

‘जाखडी’ या शब्दाचा संबंध ‘जखडणे’ या क्रियापदाशी जोडला जातो. एकमेकांना जखडून, साखळी करून नाचणे असा त्याचा अर्थ सांगतात. मॉरिशसमध्ये हाच शब्द ‘झाकरी’, क्वचित ‘जाकरी’, असा आढळतो. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही रूपे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत.

‘जाखडी’त ज अल्पप्राण आणि ख महाप्राण आहे. ‘झाकरी’त नेमके उलट झाले आहे : ज चा झ झाला आणि ख चा क. हकाराचा श्वास शब्दातून नाहीसा झालेला नाही. तो दुसऱ्या व्यंजनावरून उठून पहिल्यावर जाऊन बसला आहे. मराठीला हा प्रकार अपरिचित नाही. ‘गृह’ या शब्दातील शेवटचा हकार पुढे सरकून ‘घर’ झाले. ‘भगिनी’तील पहिल्या भ चा हकार मागे सरकला आणि ‘बहीण’ हे रूप आले. ‘जाकरी’ या दुसऱ्या रूपात मात्र हकार कोठेच उरलेला नाही.

आता ‘ड’ कडे वळू. दोन स्वरांमध्ये येणारा ड उच्चारताना जिभेचे टोक टाळूला क्षणभर स्पर्शून खाली येते. हा उच्चार र च्या अगदी जवळचा आहे. फ्रेंच किंवा क्रिओल बोलणाऱ्याच्या तोंडी हा मूर्धन्य ध्वनी नसतो. त्यामुळे ‘डी’च्या जागी ‘री’ येणे सहज घडते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. मॉरिशसमधील बरेचसे लेखन रोमन लिपीत होते आणि रोमन लिपीत ज-झ, ड-र हे भेद नीट पाळले जात नाहीत. केवळ लेखी रूपावरून उच्चाराचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते. शब्दाचा अभ्यास कानाने करावा, डोळ्यांनी त्याची पडताळणी करावी.

४.६ विधीपासून वारशापर्यंत

लोकनृत्य परदेशात गेले की त्याचे कार्य बदलते. गावात जाखडी नाचणारा ‘मी परंपरा जपतो’ असे म्हणत नाही. तो गणपतीसमोर नाचतो, एवढेच. ज्या क्षणी समाज म्हणतो, ‘हे आमचे आहे, हे जपले पाहिजे’, त्या क्षणी विधीचे रूपांतर वारशात होऊ लागते. मग नाचाला घराच्या अंगणाबरोबर सभागृहाचाही मंच मिळतो. मंडळे, स्पर्धा, सराव आणि गणवेश येतात.

हा अनुभव केवळ मराठी समाजाचा नाही. युरोपातील लिथुएनिया या छोट्या देशाचे उदाहरण घेऊ. तेथील गीत-महोत्सवाची परंपरा १९२४ मध्ये काउनास शहरात सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा देश सोव्हिएत सत्तेखाली गेला आणि युद्धानंतर हजारो लिथुएनियन निर्वासित अमेरिकेत पोहोचले. त्यांनी १९५७ मध्ये शिकागो येथे लोकनृत्यांचा मोठा महोत्सव भरवला आणि पुढे ही परंपरा उत्तर अमेरिकेत चालू ठेवली. मायदेशात राष्ट्रीय अस्मितेचा मोकळा उच्चार शक्य नसताना परदेशातील मैदानावर शेकडो पावले एका तालात पडत होती. बाल्टिक देशांतील गीत-नृत्य महोत्सव आज युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत.

याच शिकागो शहरात १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांची संघटना, बृहन्महाराष्ट्र मंडळ, स्थापन झाली. तिच्या अधिवेशनांत लेझीम आणि ढोल-ताशे असतात. तेव्हा स्थलांतराचे तीन प्रकार आपल्यासमोर उभे राहतात :

(अ) निर्वासितांचे स्थलांतर – लिथुएनियन समाज. हा समाज शिक्षित होता आणि महोत्सवाची कल्पना घेऊनच आला होता. त्याने मंचावरचे नृत्य मंचावरच नेले.

(आ) सुशिक्षित नोकरदारांचे स्थलांतर – अमेरिकेतील मराठी समाज. विमानाने, दूरध्वनीने आणि आता भ्रमणध्वनीने त्याचा मायभूमीशी संपर्क कायम आहे. तो आपल्या आवडीच्या कला निवडून घेतो.

(इ) करारबद्ध मजुरांचे स्थलांतर – मॉरिशसचा मराठी समाज. याच्यापाशी मंडळ नव्हते, छापील पुस्तक नव्हते, परतीचे तिकीट बहुधा नव्हते. जे अंगात भिनलेले होते तेवढेच त्याच्यासोबत गेले. मंच त्याच्या नाचाला पुढच्या पिढ्यांनी दिला.

मंचावर गेल्यावर नृत्याचे अंतर्गत व्याकरणही बदलते. रिंगणाचे तोंड आत, गायकाकडे आणि देवाकडे असते. मंचाला मात्र एकाच बाजूला प्रेक्षक असतो. म्हणून रिंगण उघडते, त्याची ओळ किंवा अर्धवर्तुळ होते. रात्रभराचा कार्यक्रम काही मिनिटांत बसवावा लागतो. वेळ कमी पडला की प्रथम काय गळते? सवाल-जवाब. कारण त्याला वेळ लागतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भाषा जाणणारा श्रोता लागतो.

४.७ पावले आणि शब्द

येथे आपण या घटकाच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. गण पाठ करता येतो. ठेका उचलता येतो. परंतु सवाल-जवाब पाठ करून चालत नाही. प्रतिपक्षाने कोणते कोडे टाकले हे तत्काळ समजले पाहिजे, पुराणकथा माहीत असली पाहिजे आणि उत्तर तेथल्या तेथे रचता आले पाहिजे. श्रोत्यालाही त्यातील खोच कळली पाहिजे. न कळलेल्या कोटीला दाद मिळत नाही. म्हणजे जाखडीचा शरीराचा घटक भाषेशिवाय काही पिढ्या तग धरू शकतो. तिचा वादाचा, विचाराचा घटक मात्र बोलत्या भाषेशिवाय उभाच राहत नाही.

आपल्या दशावताराशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. दशावतारात परंपरेने लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, कोणी कोणते सोंग घ्यायचे हे ठरते आणि संवाद रंगमंचावर, ऐन वेळी घडतात. राजा आणि ऋषी भारदस्त मराठीत बोलतात. विनोदी पात्र मालवणीत शिरते आणि समोरचा प्रेक्षक खळखळून हसतो. अशी कला पाठांतरावर जगूच शकत नाही. मालवणी समजणारा प्रेक्षक जेथे संपतो, तेथे दशावतार वेशभूषेच्या प्रदर्शनापुरता उरेल.

यावरून एक सूत्र मांडता येते. नृत्य भाषेला सणापुरते जिवंत ठेवते. परंतु नृत्यातील विचार जिवंत ठेवायचा असेल तर भाषेला सणाबाहेरही जगावे लागते.

मॉरिशसमधील मराठी समाजाने हे ओळखल्याचे दिसते. तेथील मराठी मंडळांनी गणेशोत्सवाबरोबर मराठीच्या अध्यापनाचाही आग्रह धरला. शाळांत पूर्वजांची भाषा म्हणून मराठी शिकवली जाते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण उपलब्ध आहे. आपण ज्या विषयात पदवीचा अभ्यास करत आहात, त्याच विषयाची पदवी घेणारे विद्यार्थी त्या बेटावरही आहेत. फरक इतकाच की, त्यांच्यापैकी अनेकांसाठी मराठी ही आजी-आजोबांच्याही आधीच्या पिढीची भाषा आहे.

येथे आणखी एक गुंतागुंत आहे आणि ती आपल्याला जवळची आहे. मळ्यावर गेलेला मजूर बोलत होता ती त्याच्या गावची बोली : मालवणी, संगमेश्वरी किंवा अशीच एखादी. शाळेत शिकवली जाते ती प्रमाण मराठी. तेव्हा मॉरिशसचे मूल पूर्वजांची भाषा म्हणून जी भाषा शिकते, ती त्याच्या पूर्वजांच्या तोंडची भाषा तंतोतंत नसते. याला फसवणूक म्हणता येणार नाही. शिक्षणासाठी कोणते तरी एक रूप निश्चित करावेच लागते. परंतु प्रमाणभाषेने बोलीची जागा पूर्णपणे घेतली, तर जुन्या गीतांतील काही शब्द कोशातही सापडणार नाहीत आणि घरातही कोणी सांगणार नाही.

हा धोका केवळ समुद्रापलीकडे आहे काय? आपल्या जिल्ह्यातही घरात मुलांशी मालवणीत बोलू नये, ‘शुद्ध’ बोलावे, असे मानणारे पालक आहेत. मुंबईत वाढलेली नातवंडे चतुर्थीला गावी येतात, आरतीत हिरिरीने टाळ वाजवतात, फुगडीच्या फेरात धरतात. पण फुगडीच्या गाण्यातील सासर-माहेरचा टोमणा त्यांना समजतोच असे नाही. मॉरिशसला जे अंतर ओलांडायला चार-पाच पिढ्या लागल्या, ते अंतर येथे दोन पिढ्यांत पडू शकते. त्यासाठी जहाजात बसण्याचीही गरज नाही.

४.८ ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ : एक गैरसमज

परदेशातील लोककलेविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे की, तेथील रूप ही नक्कल. अस्सल ते आपल्या गावातले. दुसरे मत असे की, आपल्याकडे सारे बिघडले. जुने रूप तेथेच शुद्ध उरले. दोन्ही मते अभ्यासाच्या कसोटीवर उतरत नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास परंपरेचे दोन फाटे झाले. तेव्हापासून दोन्ही फाटे बदलत राहिले. कोकणातील जाखडीत चित्रपटगीतांच्या चाली, नवी वाद्ये, ध्वनिवर्धक आणि रोषणाई आली. मॉरिशसच्या झाकरीवर तेथील बहुभाषक जीवनाचा संस्कार झाला. एखादी जुनी चाल किंवा शब्द तेथे शिल्लक असू शकतो, एखादा येथे. भाषांच्या इतिहासातही हेच दिसते. एका मूळ भाषेच्या दोन शाखांपैकी कोणतीही एक शाखा ‘मूळ भाषा’ नसते. दोघी बहिणी असतात. जाखडी आणि झाकरी यांच्याकडे असेच पाहावे.

आपली प्रगती तपासा – २

१. मंचावर जाताना जाखडीचा कोणता भाग प्रथम गळण्याची शक्यता असते? का?
२. दशावतार केवळ पाठांतरावर का टिकू शकत नाही?
३. स्थलांतराच्या तीन प्रकारांत लोककलेचे स्वरूप कसे वेगवेगळे राहते?

४.९ समारोप

या घटकात आपण कोकणातील जाखडी आणि मॉरिशसमधील झाकरी यांचा एकत्रित विचार केला. करारबद्ध मजुरांनी नेलेले हे नृत्य स्थिर पाठ, सणाचे वेळापत्रक, समूहाची देहस्मृती आणि ओळखीची गरज या चार आधारांवर टिकले. काळाच्या ओघात त्याला विधीबरोबर वारशाचेही कार्य लाभले आणि त्याचे बाह्य रूप बदलले. शरीराचा घटक भाषेवाचून तग धरतो. वाद, विनोद आणि विचार यांना बोलती भाषा लागते. म्हणून लोककला जपण्याचा प्रश्न अखेरीस भाषेच्या दैनंदिन वापराशी येऊन मिळतो. गणपतीचे विसर्जन झाल्यावर वर्षाच्या उरलेल्या दिवसांत घरात कोणती भाषा बोलली जाते, यावर पुढच्या वर्षीच्या गाण्याचा अर्थ अवलंबून असतो.

४.१० पारिभाषिक व कठीण शब्द

करारबद्ध मजूर : ठरावीक मुदतीच्या लेखी करारावर परदेशी कामास नेलेला मजूर.
झीलकरी : मुख्य गायकामागे सूर धरून पालुपद म्हणणारा साथीदार.
चाळ : नाचताना पायात बांधायची घुंगरांची माळ.
महाप्राण : ज्याच्या उच्चारात हकाराचा श्वास मिसळलेला असतो असे व्यंजन, उदा. ख, झ, भ.
व्यवहारक्षेत्र : घर, बाजार, शाळा, देवघर यांसारखे भाषा वापरण्याचे क्षेत्र.
अमूर्त वारसा : वास्तू वा वस्तू नसलेला, गीत, नृत्य, विधी, कौशल्य या रूपांत नांदणारा वारसा.

४.११ स्वाध्याय

१. ‘बोलभाषा मागे पडली तरी गीत-नृत्य टिकते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
२. ‘जाखडी’ ते ‘झाकरी’ या ध्वनिपरिवर्तनाचे स्वरूप स्पष्ट करा.
३. विधीचे वारशात रूपांतर होताना लोकनृत्यात होणारे बदल लिहा.
४. टिपा लिहा : (अ) शक्ती-तुरा (आ) आप्रवासी घाट (इ) प्रमाणभाषा आणि पूर्वजांची भाषा.

४.१२ उपक्रम

आपल्या गावात गणेशोत्सवात, शिमग्यात किंवा जत्रेत म्हटले जाणारे एक गीत एखाद्या वयस्क व्यक्तीकडून ऐका आणि जसे उच्चारले तसे लिहून घ्या. त्यातील ज्या शब्दांचा अर्थ आपल्याला ठाऊक नाही ते अधोरेखित करा व सांगणाऱ्यालाच विचारा. त्यानंतर तेच गीत घरातील पंधरा वर्षांखालील मुलाला वाचून दाखवा आणि त्याला न कळलेले शब्द वेगळ्या रंगाने अधोरेखित करा. दोन रंगांच्या खुणा मोजून, त्यांतून काय दिसते यावर दोन पाने टिपण लिहा. गीत सांगणाऱ्या व्यक्तीची परवानगी घेण्यास आणि तिला आपले टिपण वाचून दाखवण्यास विसरू नका.